उजव्या रकान्यातले शब्द

सकाळी नऊच्या ठोक्याला फोनताई फोन उचलायची. त्याआधी कोमट पाण्याचा एक घोट, एकदा घसा साफ, आणि मग पहिला नंबर. बारा वर्षं हाच नेम. दवाखाना मूल होत नाही अशा जोडप्यांचा. बाईच्या पोटातून बीजं काढायची, काचेच्या बशीत नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालून द्यायची, पाच दिवस उबेच्या पेटीत ठेवायचं, आणि नीट वाढलं तर परत बाईच्या पोटात ठेवायचं. एवढंच काम, सांगायला चार ओळी. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरी फोन करून सांगायचं की बशीत काय चाललंय. ते सांगायचं काम फोनताईचं.

काय सांगायचं ते आतून यायचं आणि कसं सांगायचं ते भिंतीवर लावलेलं होतं. तिच्या टेबलासमोर, नजरेच्या बरोब्बर उंचीवर, एक यादी चिकटवलेली होती. दोन रकाने. डावीकडे ‘म्हणायचं’, उजवीकडे ‘म्हणायचं नाही’. उजवीकडे होतं: बाळ, मूल, जीव, जिवंत, मेलं, गेलं, वाया गेलं, खराब निघालं, गोड बातमी. डावीकडे होतं: वाढ चालू आहे, वाढ चांगली आहे, वाढ मंद आहे, वाढ थांबली. नवीन मुलगी कामाला लागली की तिला आधी ही यादी पाठ करायला लावत, मग चहाचं मशीन दाखवत. आणि ही यादी कुणा डॉक्टरनं नव्हे, फोनताईनं स्वतः केलेली होती.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वी ती इथलीच पेशंट होती. पाचव्या दिवशी भाजीवाल्यापुढे उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि फोन वाजला. तेव्हा फोन भिंगकाका करायचे. म्हणजे लॅबमधले मुख्य, दिवसभर भिंगाला डोळा लावून बसणारे, म्हणून भिंगकाका. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नसतं म्हणतात ना, तर यांच्या जिभेला नुसतं हाडच होतं. ते म्हणाले, “तिन्ही मेले. फाइल न्यायला या.” तिनं जुडी परत ठेवली, भाजीवाल्याला नको म्हणाली, घरी गेली आणि मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला.

फाइल न्यायला ती आली महिन्याभरानं. दवाखान्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या टेबलापुढे उभी राहून तिनं सुनावलं की तुमच्याकडे औषधं आहेत, यंत्रं आहेत, पण फोनवर बोलायला माणूस नाही. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, मग तुम्हीच बोला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण ती खरंच दुसऱ्या सोमवारी येऊन बसली, आणि पहिल्या आठवड्यात तिनं ती यादी केली. उजव्या रकान्यात सगळ्यात आधी लिहिला तो शब्द ‘मेलं’.

यादीचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? लोक फोनवर रडायचे, पण फोन बादलीत टाकायचे नाहीत. गंमत म्हणजे लोक आपापले शब्द घेऊनच यायचे. वसतिगृहात स्वयंपाक करणारी एक बाई विचारायची, ताई, मोड आले का? रोपवाटिकेतला एक माळी होता, तो म्हणायचा, फुटवा कसा आहे? एका बेकरीवाल्याची बायको पाव फुगल्यासारखं विचारायची, फुगलं का हो? आणि एक मास्तर तर थेट, किती पास, किती नापास. फोनताई कुणाला दुरुस्त करायची नाही. मोडाला वाढ म्हणायची, फुटव्यालाही वाढ म्हणायची, आणि सगळ्यांची मळलेली, वापरातली, घरची भाषा आपल्या धुतलेल्या भाषेत गुंडाळून त्यांना परत द्यायची.

एका शब्दाचं मात्र तिच्या यादीनं कधी काही वाकडं केलं नाही. तो फोनवरून येत नसे, तो बाहेर बाकावर बसायचा. सुनेला घेऊन आलेल्या सासवा शेजारच्या सासवेच्या कानात तो म्हणायच्या, आणि कुजबुज अशी की औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू जावी. वांझ. फोनताई तेवढ्यापुरतं दार लावून घ्यायची.

हे सगळं इथपर्यंत ठीक होतं. मग तिथे धाकटी आली.

धाकटी म्हणजे फोनताईची सख्खी लहान बहीण, दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची. तिच्या वेण्या, तिचे दात, तिची पाळी, तिचं लग्न, सगळं अक्कानंच केलं. आता ती छत्तिशीची, कपडे दुरुस्त करून देण्याचं एक खोलीएवढं दुकान चालवणारी. उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. नवरा गाडी शिकवायचा, नवशिक्यांच्या शेजारी बसून दिवसभर ब्रेकवर पाय. दोघांचं बरं होतं. सासू तेवढी तिखट. सासूचं एक वाक्य ठरलेलं, पाहुण्यांसमोर म्हणायचं: हिच्या हाताला सुई लागते, कुशीला काही लागत नाही.

धाकटीचे आधीचे दोन प्रयत्न फुकट गेले होते. त्या वेळी बशीत चारचार, पाचपाच होते. काही थांबले तर काही पुढे गेले, पुढे गेलेले पोटात ठेवले, आणि तिथे टिकले नाहीत. तिसऱ्या वेळी मोठ्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं की हा शेवटचा, यानंतर तिच्या अंगाला मी सुई लावणार नाही, आता काही निघतच नाहीये. आणि निघालं ते एक. एकच.

नियमाप्रमाणे नातेवाइकांना फोन दुसऱ्या मुलीनं करायचा. फोनताई म्हणाली, छे, माझ्या बहिणीला मीच सांगणार, ती माझ्या हातात वाढलीय. नियमही तिचाच आणि तो मोडणारीही तीच, तेव्हा तिला अडवणार कोण.

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, एक आहे, गाठ जुळली आहे. धाकटी म्हणाली, एकच? मग स्वतःच म्हणाली, असू दे, सदऱ्याच्या गळ्याला बटण एकच असतं, त्यावर तर सगळा सदरा बसतो. दोघी हसल्या. तिसऱ्या दिवशी कागदावर भिंगकाकांचं कोंबडीच्या पायासारखं अक्षर होतं: मंद. फोनताईनं यादीप्रमाणे सांगितलं, वाढ मंद आहे. तर धाकटी म्हणाली, म्हणजे माझ्यावर गेलंय, मी नाही का दीड वर्षाची होऊन चालायला लागले, सगळे म्हणत होते पांगळी निघणार. फोनताईला ते आठवत होतं. तिनंच बोट धरून चालवलं होतं. मंद याचा अर्थ दवाखान्यात काय होतो तेही तिला ठाऊक होतं, पण ती एवढंच म्हणाली की हो गं, तू तशीच होतीस.

पाचव्या दिवशी कागद आला. ओळीत एकच अक्षर, एक टिंब. थां.

ती लॅबच्या दारापर्यंत गेली. भिंगकाकांना बाहेर बोलावलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले की पहाटेपर्यंत होतं, सकाळी पाहिलं तर काळवंडलंय, कडा विरघळायला लागल्यात. काही संशय नाही ना, असं तिनं विचारलं. ते काही बोलले नाहीत. बारा वर्षांत तिनंच त्यांना बोलणं सोडायला शिकवलं होतं.

नऊ वाजता ती पाणी प्यायली, मग तिनं घसा साफ केला, आणि धाकटीला फोन लावला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. फोनताई म्हणाली, “वाढ थांबली.”

धाकटीनं विचारलं, आज थांबली? फोनताई हो म्हणाली. धाकटीनं विचारलं, मग उद्या? आधीच्या खेपांना या शब्दाशी तिचं काम पडलंच नव्हतं. तेव्हा थांबलेल्यांकडे कोण बघतो, चालणारे होते की. यावेळी मात्र तिच्याकडे तो एकच शब्द होता आणि ती त्याला शिवणीसारखा उलटसुलट करून बघत होती. थांबलेली गाडी सुरू होते, थांबलेलं मशीन तेल घातलं की चालतं, थांबलेला पाऊससुद्धा पुन्हा येतो. वरून तिच्याकडे दवाखान्याचा छापील कागद होता. त्यावर लिहिलं होतं की काही वेळा सातव्या दिवसापर्यंत वाट पाहिली जाते. तिनं तो वाचून दाखवला. हे आपल्यासारख्यांसाठीच लिहिलंय ना अक्का, असं ती म्हणाली.

ते थांबलेल्यांसाठी लिहिलेलं नव्हतं. ते जिवंत पण रेंगाळणाऱ्यांसाठी होतं. हे सांगायला फोनताईला उजव्या रकान्यातला शब्द लागला असता. तो तिच्या तोंडात आला, टाळूला लागला, आणि तिला एकदम कोथिंबिरीचा वास आला. तिनं शब्द गिळला आणि म्हणाली, “बघू.”

हा शब्द यादीत कुठेच नव्हता, ना डावीकडे, ना उजवीकडे. तो त्यांच्या घरातला होता. आईचा. नवीन फ्रॉक घेशील? बघू. सहलीला पाठवशील? बघू. आईला नाही म्हणवत नसे म्हणून ती बघू म्हणायची, आणि मोठ्या मुलीला फार लवकर कळलं होतं की आईचं बघू म्हणजे नाही. पण धाकटी नऊ वर्षांची असतानाच आई गेली. तिला ते कळायला वेळच मिळाला नव्हता. बघू म्हणजे बघणार, असंच ती समजत आलेली.

फोनताई पुन्हा आत गेली आणि भिंगकाकांना म्हणाली, बशी सातव्या दिवसापर्यंत राहू दे. ते म्हणाले, ठेवतो, मला काय, पेटीत जागा आहे. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले की ठेवल्यानं काही पिकणार नाही बरं. ती म्हणाली, माहितीय मला. माणूस एकदा चुकतो ते समजू शकतं. पण चूक धुवून-पुसून, उबेत ठेवून, दोन दिवस सांभाळायची म्हणजे कमाल झाली.

सहाव्या दिवशी धाकटीनंच फोन केला. काही हालचाल? फोनताई म्हणाली, “अजून नाही.” त्या अजूनसाठी तिला पुढे स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण तेव्हा तो किती सहज तोंडातून गेला. धाकटी म्हणाली, मी मशीन बंद ठेवलंय, पायाचे धक्के नकोत. तिच्या पोटात काहीच नव्हतं. तिचं जे काही होतं ते सहा बसथांबे लांब, दोन दारांच्या आड होतं, आणि ही इथे मशीनला पाय लावत नव्हती. शिवाय तिनं सासूला सांगून टाकलं होतं. तोंडात तीळ भिजत नाही पोरीच्या. सासू म्हणे पहिल्यांदाच तिच्यासाठी दुधाचा पेला घेऊन आली.

सातव्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलं नसताना, धाकटी आणि तिचा नवरा दवाखान्यात हजर झाले.

फोनताईनं काचेतून पाहिलं. धाकटीनं इस्त्रीचे कपडे घातले होते, केस धुऊन घट्ट बांधले होते. ती बाकावर एका बाजूला कलून, पाय आवळून बसली होती, आणि नवऱ्याच्या हातात रिकामी पाण्याची बाटली होती. फोनताईला आधी कळेना. मग कळलं. गर्भ पोटात ठेवायच्या आधी बाईनं लिटरभर पाणी पिऊन, मूत्राशय भरून यायचं असतं, म्हणजे सोनोग्राफीत आतलं नीट दिसतं. मागच्या दोन वेळी धाकटी तशी आली होती. या वेळीही ती आपल्या मनानं, घड्याळ लावून, लिटरभर पाणी पिऊन आली होती. तयारीत काही कमी राहिली म्हणून संधी जायला नको.

फोनताईनं दोघांना छोट्या खोलीत नेलं. या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, आणि रुमालांचा खोका. रडणाऱ्यांची खोली म्हणून सगळ्यांना माहीत. धाकटी बसेना. बसलं की कळ येते म्हणाली, लवकर काय ते सांग, मला फार वेळ धरवणार नाही. ते ऐकून फोनताईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःची इतकी किळस आली की तिनं टेबलाची कड धरली.

“धाकटे, ते मेलं.”

बारा वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं होतं आभाळ कोसळेल. पण शब्द खाली पडला आणि तसाच पडून राहिला. धाकटीचा नवरा खुर्चीत बसला. गाडीत बसतो तसा, उजवा पाय पुढे दाबून.

धाकटीनं विचारलं, कधी? फोनताई म्हणाली, पाचव्या दिवशी, सकाळी. म्हणजे परवा, धाकटी म्हणाली. फोनताई हो म्हणाली. म्हणजे तू मला बघू म्हणालीस तेव्हा? हो. अजून नाही म्हणालीस तेव्हाही? फोनताईनं मान हलवली. तिला वाटलं आता ही ओरडेल, खोटारडी म्हणेल, आणि म्हणावंच तिनं. ती तयार होती. पण धाकटीचं डोकं भलत्याच ठिकाणी अडकलं होतं.

“मेलं म्हणजे आधी जिवंत होतं.”

“हो.”

“पाच दिवस?”

“पाच दिवस.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?” धाकटीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “वाढ आहे, वाढ आहे. मी म्हटलं काहीतरी वाढतंय, नखासारखं. जिवंत आहे म्हणून एकदा तरी सांगायचंस. पाच दिवस मी आई होते अक्का, आणि मी पँटच्या चेनी बदलत बसले.”

फोनताईकडे डावीकडचे शब्द होते, सगळे पाठ, उलटे म्हणायला सांगितले तरी म्हटले असते. एकही कामाचा नव्हता. ती म्हणाली की तुला त्रास होऊ नये म्हणून. धाकटी म्हणाली, झाला ना त्रास. तो कुठे चुकला? तो झालाच, फक्त त्याच्या आधीचं जे होतं तेवढं मिळालं नाही.

मग फॉर्म. बशी रिकामी करायला दोघांची संमती लागते, आणि तो फॉर्म भरून घेण्याचं कामही फोनताईचंच. त्यात एक रकाना कारणाचा आणि एक नात्याचा. लोक कारणात ‘वाढ थांबली’ लिहितात, फोनताई सांगते तसं, आणि नात्यात पत्नी, पती. धाकटीनं उभ्यानंच, वाकून, लिहिलं. कारण: मेलं. नातं: आई. नवऱ्याकडे पेन दिलं. त्यानं ते बराच वेळ धरून ठेवलं आणि मग खाली लिहिलं, वडील.

पेनाला टोपण लावता लावता धाकटीनं विचारलं, “तुझे किती होते?”

“तीन.”

“तेही मेलेच ना?”

फोनताई म्हणाली, “वाढ...” आणि तिथेच अडकली. जीभ आपल्या आपण सवयीच्या वाटेनं गेली होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, नऊ वर्षांची असताना आईच्या रिकाम्या खाटेकडे पाहत होती तसं. मग म्हणाली, राहू दे अक्का. आणि म्हणाली, मला जायचंय.

जायचंय म्हणजे बाथरूमला. ती गेली. रडणाऱ्यांच्या खोलीला लागूनच ते होतं, आणि भिंत पातळ. लिटरभर पाणी. ते संपेचना. फोनताई आणि धाकटीचा नवरा समोरासमोर बसून ते ऐकत होते, आणि दोघंही जमिनीकडे बघत होते. ते थांबल्यावर पलीकडून रडण्याचा आवाज येईल अशी वाट फोनताई बघत होती, पण तो आला नाही. नळ वाजला, दार उघडलं, आणि ती दोघं निघून गेली. जाताना धाकटी येते म्हणाली नाही.

आता एवढ्यावर संपायला हवं होतं, पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो येतोच. दुपारी फॉर्म मोठ्या बाईंच्या टेबलावरून परत आला. कारणाच्या आणि नात्याच्या रकान्यांना लाल गोल, आणि बाजूला बाईंच्या वळणदार अक्षरात: शब्द यादीप्रमाणे हवेत. फॉर्म पुन्हा भरून घ्यावा. फोनताई तो हातात घेऊन बाईंकडे गेली. बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, मला समजतं हो, पण उद्या दुसरी कुणी येऊन म्हणेल, तुमच्याच कागदावर लिहिलंय की माझं बाळ मेलं, मग? आणि तुमचीच यादी आहे ना ही, मी कुठे केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. फोनताई पाणी प्यायली आणि तिनं कोरा फॉर्म घेतला.

धाकटीनं फोन उचलला नाही, तेव्हा तिनं कोरा फॉर्म घरी पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा एकटा आला, तिची सही घरूनच त्या कोऱ्या फॉर्मवर घेऊन. तो म्हणाला, “ती म्हणाली, अक्कांना सांगा, तुमच्या शब्दांत भरा.” घरी सासूनं दुधाचा पेला बंद केला असेल, दुसरं काय काय सुरू केलं असेल, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. फोनताईनं सुवाच्य अक्षरात भरलं. कारण: वाढ थांबली. नातं: पत्नी. पती. आधीचा फॉर्म नियमाप्रमाणे फाडायचा होता. तिनं तो फाडला, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. हो, टाकले. खिशात घालून घरी नेला असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही.

नवा फॉर्म फायलीत लावायला ती फायलींच्या खोलीत गेली. जुन्या फायली वरच्या फळीवर, वर्षांप्रमाणे. शिडी तिथेच होती. तिनं बारा वर्षांपूर्वीचा गठ्ठा काढला आणि त्यातून आपली फाइल ओढली, न्यायला आली होती पण कधी नेलीच नव्हती ती. इतक्या वर्षांत तिनं ती एकदाही उघडली नव्हती. शेवटचं पान तोच फॉर्म, जुन्या छपाईचा. कारणाच्या रकान्यात भिंगकाकांचं कोंबडीचं अक्षर: तिन्ही मृत. खाली तिची सही, रागात कागद फाटेल इतकी दाबून केलेली. आणि नात्याचा रकाना कोरा. तेव्हा कुणी भरून घेतला नव्हता आणि तिनंही बघितला नव्हता.

शिडीवरच बसली ती. बारा वर्षं ज्या एका शब्दाचा तिनं सूड घेतला, त्या शब्दानंच या अख्ख्या इमारतीत तिचे तीन जिवंत होते असं लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी नाही लिहिलं. तिनं स्वतः तर नाहीच. आणि त्यानंतर फोनवर जितक्या बायका आल्या, मोडवाली, फुटव्यावाल्याची, पाववाली, त्यांच्या तोंडून तिनं तो काढून घेतला होता, गोड आवाजात, मोजून मापून, महिन्याच्या पगारावर. किती बायका? त्यांची मोजदाद होती, खालच्या सगळ्या फळ्या त्यांच्याच होत्या.

तिनं पेन काढलं आणि नात्याच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, आई. अक्षर नीट आलं नाही. शिडीवर बसून कुणाचं नीट येतं.

मग तिला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. नवऱ्याला नाही, तो बारा वर्षांपूर्वीच हा विषय बंद करून मोकळा झाला होता. सांगण्याजोगं माणूस एकच होतं. तिला सांगायचं होतं की धाकटे, तू विचारलंस ना, तर हो, मेले, तिन्ही मेले, तिन्ही होते. तिनं तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजला. धाकटीच्या नवऱ्यानं उचलला. मागे शिलाई मशीन चालू होतं, जोरात, न थांबता.

फोनताई म्हणाली, जरा तिला दे, दोन मिनिटं, फार नाही. त्यानं फोनवर हात ठेवला. मशीन थांबलं नाही. तो काहीतरी म्हणाला, तिनं काहीतरी उत्तर दिलं, आणि तो परत फोनवर आला.

“अक्का, ती म्हणतेय, बघू.”